पुणे की केगाव? ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरण्याआधी (जुळे सोलापूर, सोसायटी ग्रुप)

*बी-३०४ वहिनी:* सीईटीचा निकाल लागला. पुण्यातलं मधल्या फळीतलं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज आणि इथलं सोलापुरातलं केगावचं कॉलेज, दोन्ही मिळू शकतात असं दिसतंय. तुलना नक्की कशाकशाची करायची? 'पुणे ते पुणेच' हे ऐकून झालंय 🙏

*सी-१०१ काका:* सीओईपी (पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) लागत असेल तर विचारच करू नका, बॅग भरा. बाकीच्यांसाठी खाली वही-पेन घेऊन बसा.

*ए-२०२ दादा:* आधी खर्च. पुण्यात कॉट ६ हजार, मेस साडेतीन हजार धरा. ११ महिन्यांचे १,०४,५०० झाले. डिपॉझिट, गावाकडच्या फेऱ्या, औषधपाणी धरून वर्षाला सव्वा लाखाच्या आत बसणं अवघड. चार वर्षांचे पाच लाख, आणि हे फी सोडून.
घरून केगावला जायचं तर जाऊन-येऊन रोज २४ किमी, गाडी लिटरला ४५ देते, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त, दिवसाला ५५-६० रुपये. २२ दिवसांचे साधारण १,२५०. सर्व्हिसिंग, टायर, इन्शुरन्स धरून महिन्याला १,८०० सोडा.

*डी-४०३ काकू:* गाडीचं म्हणताय, पण बारावी झालेली निम्मी मुलं अजून १८ ची नसतात. ११० सीसीच्या गाडीला १८ पूर्ण लागतात. त्याआधी पकडलं तर पालकाला २५ हजार दंड, तुरुंगाची तरतूद आणि गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द. पहिल्या वर्षाला कॉलेज बस किंवा शेअर रिक्षाच धरा. सिटी बसच्या भरवशावर तर कुणीच राहू नका 😐

*सी-१०१ काका:* आता ज्यात लोक सगळ्यात जास्त फसतात ते. शुल्क सवलत.
राजर्षी शाहू योजनेत ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मुलांना ट्यूशन आणि परीक्षा फीत ५०% सवलत. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून १००%. पण सीट कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच हवी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला छदाम मिळत नाही. शिवाय डेव्हलपमेंट फी कुणालाच माफ नाही, ती भरावीच लागते. 'मुलींना सगळं फुकट' ऐकून गेलेले पालक काउंटरवर इथेच अडकतात.
म्हणजे पुण्यात कोट्यातून आणि इथे कॅपमधून अशी निवड असेल तर राहण्याखाण्याच्या आधीच लाखोंचा फरक पडतो.

*बी-३०४ वहिनी:* टीएफडब्ल्यूएस वेगळं का?

*सी-१०१ काका:* वेगळं. मंजूर जागांच्या वर ५% जागा, ट्यूशन फी पूर्ण माफ, मर्यादा तीच ८ लाख. चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी येतो. कटऑफ त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा बहुतेक वेळा वर. आणि ती घेतली की नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. मनापासून हव्या असलेल्या शाखेलाच टाका.

*ए-५०१ ताई:* अजून एक. होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावर ठरत नाही, बारावी कुठून केली त्यावर ठरते. सोलापुरातून बारावी केलेल्याला पुण्याश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या हद्दीतल्या कॉलेजांत ७०% होम कोटा, पुण्यात मात्र बाहेरच्यांच्या ३०% मध्ये झगडावं लागतं. लातूर पॅटर्नसाठी तिकडे बारावी केली असेल तर तुमची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. मग सोलापुरातच तुम्ही 'बाहेरचे'. घर जुळे सोलापुरात असून! अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात वाटणी आणखी वेगळी, तिथे सीट मॅट्रिक्स बघूनच बोला.

*ए-५०१ ताई:* * पुण्यश्लोक. टायपो.

*ए-२०२ दादा:* 'बघू तरी लागतं का' म्हणून पुणे पहिल्या नंबरला टाकू नका. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ, पुढच्या फेऱ्या बंद. जे खरंच घ्यायचंय तेच वर.

*डी-२०४ आजोबा:* पंढरपूरची कॉलेजंही चांगली आहेत की. घरून जाता येईल.

*डी-४०३ काकू:* आजोबा, ते एका बाजूला ७० किमीच्या वर आहे. स्टँडपर्यंतचा वेळ धरून दिवसाचे चार तास गाडीत. ती ये-जा नव्हे, वारी झाली 😄 तिथे घ्यायचं तर हॉस्टेल धरूनच हिशोब करा.

*बी-१०२ भाऊ:* पासचं: एसटीत विद्यार्थ्याला मासिक पासवर ६६.६७% सवलत. डेपोतून फॉर्म घ्या, कॉलेजचा सही-शिक्का, आधार, फोटो. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच, पुढे हाच सवलतीचा. रेल्वेत मात्र उलटं, मुलींना पदवीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास मोफत. मोहोळ, कुर्डुवाडीकडच्या नातेवाइकांना कळवा. रिझर्व्ह डब्यात तो चालत नाही.

*ए-२०२ दादा:* महाडीबीटीचे (सवलत, शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे) पैसे अडकतात ते बहुतेक आधारमुळे. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि 'सीडिंग', म्हणजे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे याची नोंद, वेगळं. पैसे सगळ्यात शेवटी सीड झालेल्या खात्यात जातात, कधी सिमकार्डाबरोबर नकळत उघडलेल्या पेमेंट बँकेत. फॉर्म भरण्याआधी बँकेत जाऊन तपासा.

*ए-५०१ ताई:* घरून शिकण्याचा तोटाही लिहिते, नाहीतर ग्रुपवर सगळं गोडच. पोरगं पाच वाजता गाडी काढून घरी येतं. रोबोटिक्सची टीम, कोडिंगचा क्लब, सीनियर्सशी ओळख, हे सगळं पाचनंतर होतं. वर घरात आहे म्हणून गॅस आण, आजीला दवाखान्यात ने. चार वर्षांनी हातात मार्क्स असतात, प्रोजेक्ट नसतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस आठपर्यंत कॉलेजात थांबायचं हे आधीच ठरवा. त्या दिवशी घरचं काम सांगायचं नाही.
वाचलेल्या पैशांतले ५०-६० हजार तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत पुण्यात दोन महिने इंटर्नशिपसाठी बाजूला ठेवा. पुणे चार वर्षं नको, पण ते दोन महिने हवेच.

*सी-१०१ काका:* मान्य. आणि डिप्लोमाचा रस्ता कुणी सांगत नाही. दहावीनंतर इथल्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षं, मग थेट दुसऱ्या वर्षाला पुण्यात. बाहेरचा खर्च चारऐवजी तीन वर्षांचा. बी-३०४ च्या धाकट्यासाठी लक्षात ठेवा.

*बी-३०४ वहिनी:* रविवारी केगावला जाऊन कॉलेज बघून येते.

*बी-१०२ भाऊ:* रविवारी नको वहिनी, रस्ता मोकळा असतो, काहीच कळणार नाही. सोमवारी सकाळी कॉलेजच्या वेळेला निघा, विजापूर रोडपासून घड्याळ लावा. येताना संध्याकाळी पाच-साडेपाचला. आणि कारखाने सुरू झाले की त्याच हायवेवर अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे धड रिफ्लेक्टर नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुचाकीपेक्षा कॉलेज बसच बरी, तिचे चार महिन्यांचे किती घेतात तेही विचारून या.