वस्तीचा नकाशा आकाशातून काढताना वस्तीला विचारायला नको?

खाडीकाठ
पुनर्विकासासाठी धारावीचं सर्वेक्षण ड्रोन आणि लायडर (लेझरने अंतर-उंची मोजणारं यंत्र) लावून झालं. गल्ल्या, छपरं, उंची, सगळं वरून टिपता येतं. माझं भांडण यंत्राशी नाही. पण तिथे १ जानेवारी २००० पूर्वीचा तळमजल्यावरचा रहिवासी मोफत घराला पात्र, आणि माळ्यावर राहणाऱ्याची सोय धारावीबाहेर. वरून माळा दिसतो. त्यावर कोण, किती वर्षं राहतंय ते दिसत नाही. एका तारखेवर आणि एका मजल्यावर घर ठरणार असेल, तर रहिवाशांच्या संमतीशिवाय असा नकाशा काढणं मला अन्यायच वाटतो.

मोजणीदार
साफ असहमत. नकाशावर नसलेल्या वस्तीपर्यंत नळ आणि गटार पोचवणार कसे? पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने उपग्रहचित्रांवर वस्त्यांची माहिती बसवली आणि घरोघरी शौचालयं नेली. ओडिशाने तर ड्रोनने वस्त्या मोजून लोकांच्या हातात जमिनीच्या हक्काची प्रमाणपत्रं दिली. संमतीची वाट बघत बसलं की नुकसान गरिबाचंच होतं.

खाडीकाठ
ओडिशात २०१७ साली आधी हक्काचा कायदा आला, ड्रोन त्यानंतर उडाले. शिवाय वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन घरोघर पडताळणी झाली. मी तेच मागतोय!

पोटमाळा
एक बाजू राहतेय. २६ जुलै २००५ च्या पुरात कित्येकांचे कागद गेले. जुनं उपग्रहचित्र त्यांच्या बाजूने साक्ष देऊ शकेल.

खाडीकाठ
तिथेच तर मेख आहे. १९९५ साली सोडलेल्या आपल्या आयआरएस-१सी उपग्रहाला ५.८ मीटरपेक्षा बारीक दिसत नव्हतं. दहा बाय दहाची खोली म्हणजे जेमतेम तीन मीटर, ती त्यात वेगळी ओळखूच येत नाही. एक मीटरपर्यंत बघणारा पहिला व्यावसायिक उपग्रह, इकोनॉस, सप्टेंबर १९९९ मध्ये गेला. म्हणजे २००० पूर्वी आलेल्याला चित्राचा आधार जवळजवळ नाहीच, आणि नंतर आलेल्याच्या विरोधात मात्र चित्रं भरपूर.

मोजणीदार
हा मुद्दा मान्य. पण त्यावरून निघतं एवढंच, की चित्रात झोपडी दिसली नाही म्हणून कुणाला अपात्र ठरवू नये. नकाशाच नको, असं निघत नाही.

पोटमाळा
मग नियमच तसा लिहून घ्या. आणि नकाशा कार्यालयात जाण्याआधी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मराठी, हिंदी, तमिळमध्ये लावा, हरकतीला पुरेसा वेळ द्या. धारावीतले बरेच लोक दिवसा कामावर असतात. रात्री दिव्याखाली वाचता येईल इतकी अक्षरं मोठी हवीत.