मदत हवी आहे : स्थापत्य अभियंत्याने नागरी सेवेसाठी वैकल्पिक विषय आपलाच ठेवावा का?

नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातली. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली असून सध्या रत्नागिरीत एका आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामाचे) सल्लागारांच्या कार्यालयात नोकरी करते. वय २५, प्रवर्ग खुला. पावसाळ्याआधीची कामे हातावेगळी झाली की नोकरी सोडून केंद्रीय आणि राज्य अशा दोन्ही लोकसेवा आयोगांच्या परीक्षांची पूर्ण वेळ तयारी करायची, असे घरच्यांशी बोलून ठरवले आहे. त्याआधी वैकल्पिक विषय, म्हणजे मुख्य परीक्षेसाठी उमेदवाराने स्वतः निवडायचा विषय, निश्चित करायचा आहे आणि तिथेच मी अडले आहे.

अभियांत्रिकी सोडून प्रशासनात कशाला, असे बरेच जण विचारतात, म्हणून तेही सांगते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले आणि त्याच दिवसांत महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली. पूररेषा आखण्याचे, उताराची स्थिरता तपासण्याचे शास्त्र आम्ही शिकलो होतो; परंतु आखलेल्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, वस्ती वेळेवर हलवायची की नाही, हे निर्णय नगरपालिकेत, तहसील कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे होतात. त्या निर्णयाच्या जागी तांत्रिक भाषा समजणारे माणूस असावे, असे मला मनापासून वाटते.

आता मूळ अडचण. केंद्रीय आयोगाच्या मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या १७५० गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांचे आहेत, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तिथेही हेच प्रमाण आहे. त्यामुळे विषय एकदा नीट बसला तर दोन्हीकडे उपयोगी पडेल आणि चुकला तर दोन्हीकडे भोवेल. स्थापत्य घेतले तर संरचना विश्लेषण, द्रायुयांत्रिकी (द्रव आणि वायूंचे यांत्रिकी), मृदायांत्रिकी (मातीचे यांत्रिकी) हा भाग माझ्या रोजच्या वापरातला आहे. जलविज्ञान आणि पर्यावरण अभियांत्रिकी यांचा सामान्य अध्ययनातील आपत्ती व्यवस्थापनालाही थोडा हातभार लागेल. गणित बरोबर सुटले की गुण ठरलेले असतात, हाही मोठा दिलासा. पण अभ्यासक्रम अवाढव्य आहे, आणि चार विस्तृत सामान्य अध्ययन पेपर सांभाळून तो वेळेत उजळून होईल का, याची खरी धास्ती वाटते.

दुसरा पर्याय मराठी वाङ्मयाचा. वाचनाची आवड लहानपणापासून आहे. शिवाय या विषयाच्या निमित्ताने दीर्घ उत्तरे लिहिण्याचा सराव होईल, आणि तो मला सर्वांत जास्त लागणार आहे. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आम्ही आकृती, सूत्र, उत्तर या क्रमाने लिहायला शिकतो. ‘चिकित्सक परीक्षण करा’ अशा प्रश्नासमोर माझे उत्तर मुद्द्यांची यादी होऊन थांबते. एका मुद्द्याला दुसरा छेद देतो आहे हे दाखवून मत मांडणे अजून जमत नाही. भूगोलही अनेकांनी सुचवला, परंतु त्याकडे माझा ओढा नाही.

क्रमाचाही प्रश्न आहे. केंद्रीय परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहाच संधी मिळतात आणि पूर्वपरीक्षेचा एक पेपर दिला तरी संधी मोजली जाते. राज्यसेवेची वयोमर्यादा ३८ आहे. त्यामुळे पहिले वर्ष राज्यसेवेला देऊन लेखन पक्के करावे आणि मगच केंद्रीय परीक्षेला बसावे, असा माझा कल आहे. केंद्रीय आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षाही सोबत द्यावी, असे एका वरिष्ठांनी सांगितले. ते स्थापत्य घेतल्यासच व्यवहार्य दिसते, आणि तिथे वयाची मर्यादा ३० असल्याने तो निर्णय लांबवता येणार नाही.

पुण्याला जाऊन राहणे घरच्या परिस्थितीत शक्य नाही. आंब्याच्या हंगामावर आमचे वर्षाचे गणित असते आणि खोली, खाणावळ, अभ्यासिका हा खर्च दोन वर्षे पेलणार नाही. मुंबईच्या राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा देणार आहे. तिथे निवड झाली तर उत्तमच, न झाल्यास रत्नागिरीत राहूनच अभ्यास करायचा आहे. पुस्तके मिळतात, व्याख्याने ऑनलाइन ऐकता येतात. अडते ते लिहिलेली उत्तरे तपासून घेण्यापाशी.

म्हणून स्थापत्य घेऊन मुख्य परीक्षा दिलेल्यांना विनंती, की सामान्य अध्ययनासोबत या विषयाच्या दोन्ही पेपरांची तयारी किती महिन्यांत झाली आणि कोणते घटक आधी घेतले, हे कृपया सविस्तर सांगावे. अभियांत्रिकीतून येऊन वाङ्मय घेतलेले कोणी असल्यास त्यांचा अनुभव तर हवाच आहे. आणि रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात तयारी करणारे आणखी कोणी इथे असतील, तर आठवड्यातून एकदा भेटून परस्परांची उत्तरे तपासण्याची माझी तयारी आहे. रविवारी रत्नागिरीत भेटणे मला सोयीचे पडेल.