वंशावळ आणि फाइलचे स्वरूप
वंशावळ वहीत ठेवावी की संगणकावर, असा प्रश्न पडतो; संगणकावर ठेवणार असाल तर एक गोष्ट सांगतो. प्रोग्रॅम कोणताही निवडा, पण त्यातली माहिती जेडकॉम (GEDCOM) या, वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठीच्या स्वरूपात बाहेर काढता येते ना, हे आधी पाहावे. १९८४ पासून चालत आलेल्या या स्वरूपात साध्या मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीत आधी पातळीचा अंक, मग माहिती कशाची ते सांगणारी खूण आणि पुढे माहिती येते, त्यामुळे मूळ प्रोग्रॅम बंद पडला तरी ती कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येते. माझ्या पणजीची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा वर्षाआधी 'सुमारे'ची खूण घातली आणि ते कोणी सांगितले हेही नोंदवले. मला तर ही दुसरी नोंदच अधिक मोलाची वाटते. जुने फोटो मात्र वेगळे जपावेत, कारण फाइलमध्ये सहसा फोटो नसतात, ते संगणकावर कुठे ठेवले आहेत याचा केवळ पत्ता असतो.