'हेल्पिंग नेचर'ला काय म्हणायचं? स्वभावाचे इंग्रजी शब्द

सातपूरकर : अंबडच्या कंपनीसाठी बायोडेटा लिहायचाय. मनमिळाऊ, चिकाटीचा, काटकसरी हे इंग्रजीत कसं लिहावं? 'हेल्पिंग नेचर' चालेल का?

पंचवटीकर : आपल्याकडच्या बायोडेटांत ते सर्रास असतं, पण नुसतं 'हेल्पफुल' लिहा. 'आय ॲम हॅविंग गुड नेचर' तर नकोच, स्वभाव सांगताना 'हॅव'ला 'आयएनजी' लागत नाही. मनमिळाऊला 'फ्रेंडली' पुरे.

चिकाटीचं मात्र जपून. 'पर्सिस्टंट' स्तुतीलाही चालतो आणि पिच्छा न सोडणाऱ्या विक्रेत्यालाही, शिवाय खोकल्यालाही! 'स्टबर्न' म्हणजे सरळ हट्टी. बायोडेटात 'डिटरमिन्ड' बरा.

काटकसरीला 'थ्रिफ्टी' आणि 'फ्रूगल' चांगल्या अर्थाने, 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू. 'मीन' ब्रिटनमध्ये कंजूष, अमेरिकेत दुष्ट, त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नये. नोकरीच्या अर्जात 'कॉस्ट-कॉन्शस' लिहा, कंपनीला तेच हवं असतं.

देवळालीकर : 'श्रूड' आणि 'कनिंग'मध्येही लोक घोळ घालतात. लासलगावचा भाव बघून कांदा चाळीत थांबवणारा आणि नेमका चढ्या भावाला काढणारा शेतकरी 'श्रूड'. गोणीत वर मोठा कांदा रचून खाली गोल्टी भरणारा 'कनिंग'. दोघांनाही मराठीत आपण 'हुशार आहे हां' म्हणतो, फक्त सूर बदलतो. इंग्रजीत शब्दच बदलावा लागतो.

आणि स्थळांच्या जाहिरातीतलं 'होमली' परदेशातल्या स्थळाला पाठवू नका. अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला बेताची.

पंचवटीकर : मुलाखतीत सगळ्यात जास्त गडबड प्रश्न समजण्यात होते. 'हाऊ इज युअर बॉस?' म्हणजे साहेबांची खुशाली. 'व्हॉट इज युअर बॉस लाइक?' म्हणजे स्वभाव कसा. 'व्हॉट डझ ही लाइक?' म्हणजे त्याला काय आवडतं. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना 'लाइक' गळतो: 'ही इज स्ट्रिक्ट बट फेअर.'

'ही इज रूड' म्हणजे माणूसच उद्धट. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता तसा वागतोय, एरवी बरा असेल. भांडणात हा फरक फार कामाचा!

सातपूरकर : स्वभावाच्या शब्दांची पूर्ण यादी मिळेल का? पाठच करून टाकतो.

देवळालीकर : ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली वेब्स्टरच्या कोशातून माणसाला लागू पडणारे १७,९५३ शब्द वेचले. त्यातले कायमच्या स्वभावाचे ४,५०४. बसा पाठ करत! त्यापेक्षा तीनच शब्द निवडा आणि प्रत्येकापुढे कामातला एक दाखला लिहा. 'रिलायबल' लिहिलंत तर पुढे हजेरी किंवा वेळेत दिलेली ऑर्डर दिसली पाहिजे.

सातपूरकर : आणि अबोल माणसाला 'शाय'?

पंचवटीकर : 'शाय' म्हणजे बुजरा, त्याला बोलायचं असतं पण धीर होत नाही. कमीच बोलणारा तो 'रिझर्व्हड'.