अनुभव धागा: खान्देशातली आपत्कालीन पिशवी

मे महिन्यात पारा ४५ च्या वर, वादळ आलं की रात्रभर लाईट नाही. पावसाळ्यात आपल्याकडे ऊन असलं तरी पूर्णा-तापीला वरून पाणी येतं आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात. अशा वेळी घेऊन निघायच्या पिशवीची कुठलीही तयार यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. काय टिकतं, काय वाया जातं, ते मापासकट लिहा.

तापीकाठ, रावेर तालुका
पाणी माणशी रोज ३-४ लिटर धरा. पाच जणांचे तीन दिवसांचे ४५ ते ६० लिटर होतात, ते घेऊन पळता येत नाही. कॅन उंचावर सावलीत. पिशवीत माणशी एक बाटली आणि क्लोरीनच्या गोळ्या. गढूळ पाण्यात गोळी थेट टाकली तर क्लोरीन गाळातच खर्च होतं. आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, दुहेरी सुती कापडाने गाळा, मग गोळी, मग अर्धा तास थांबा. गोळी किती लिटरची ते पाकिटावर बघा.

औषध दुकान, चोपडा
इन्सुलिनचं बोला. लाईट गेली की लोक बाटली थेट बर्फावर ठेवतात. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. त्यापेक्षा मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू. बाटली झाकणाच्या डबीत घालून आत ठेवा, वर ओलं फडकं. जागा सावलीची, वाऱ्याची. वाळू सुकू देऊ नका. कोरड्या उन्हाळ्यात हे झकास चालतं, श्रावणातल्या दमट हवेत गारवा कमी मिळतो.

ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने नको, जास्त झालं तर लहान मुलांना धोका. उरलेलं २४ तासांनी फेका.

धुळे, पांझरेकाठ
टॉर्चचे सेल बाहेर काढून ठेवा. आत राहिले की पाझरतात, स्प्रिंग गंजते, आणि ऐन वेळी टॉर्च मुकी. पॉवर बँक पत्र्याखाली नको, उन्हाने फुगते. दर तीन महिन्यांनी चार्ज करा.

अमळनेरकडून
खायला फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे. बिबडे (ज्वारीचे पापड) नकोत! भाजायला जाळ लागतो, वर खारट, म्हणजे पाणी जास्त.

धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर पिशवी दाराशीच टांगा. सलग पावसात वरची माती पाणी पिऊन जड होते, तेव्हा आतल्या खोलीत परत जाणं धोक्याचं. रेशनकार्ड, आधार, पासबुक, सातबाऱ्याच्या प्रती एकात एक अशा दोन प्लास्टिक पिशव्यांत, तोंडं उलट दिशेला. सोबत सुट्टे पैसे, कारण लाईट नसली की फोन पे बंद.

यावल
गोठ्याच्या खांबाला विळा अडकवलेला हवा. भिजलेल्या दाव्याची गाठ सुटत नाही, कापावीच लागते.

भुसावळ
११२ आणि १०८ सोबत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ कागदावर लिहून ठेवा. मोबाईल बंद पडला की पाठ असलेले नंबर घरचे दोनच निघतात.