दीड टनाचा इन्व्हर्टर एसी दुपारी तीननंतर खोली गार करत नाही, पाणी मात्र भरपूर काढतो : मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार.

आमचे घर परभणीत आहे. खाली दुकान आणि वर राहण्याच्या खोल्या अशी रचना असल्यामुळे माझ्या सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाजूला आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्या अंथरुणावरच असतात. उष्णतेचा त्यांना फार त्रास होतो, म्हणून खोलीचे तापमान 27-28 अंशांच्या वर जाऊ देऊ नये असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्यामुळे हा प्रश्न आमच्या दृष्टीने सोयीचा नसून निकडीचा आहे, आणि ज्यांना या यंत्राची खरोखर माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

खोली 12 बाय 14 फुटांची असून वर थेट स्लॅब आहे. एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर प्रकारचा (म्हणजे कंप्रेसरचा, गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा, वेग गरजेनुसार बदलणारा), तांब्याच्या कॉइलचा आणि आर-32 गॅसचा आहे. तो 24 अंशांवर लावलेला असतो. सकाळी अकरापर्यंत खोली 25 अंशांपर्यंत छान उतरते. दुपारी तीनच्या सुमारास मात्र तापमान चढू लागते आणि सायंकाळी सातपर्यंत 29-30 अंशांवर अडून राहते. त्या वेळी बाहेर 42-43 अंश असतात. फिल्टर दर आठवड्याला धुते. साध्या थर्मामीटरने मोजले तेव्हा एसी वरून जी हवा आत ओढतो ती 30 अंश आणि खालून जी सोडतो ती 22 अंश भरली.

दुसरी तक्रार पाण्याची आहे. पाण्याच्या नळीखाली बाटली लावली, तर दुपारच्या एका तासात जवळजवळ दोन लिटर पाणी जमते, आणि कधी कधी आतल्या युनिटच्या कोपऱ्यातून भिंतीवरही ओघळ येतो. सासूबाईंची हाक ऐकू यावी म्हणून त्यांच्या खोलीचे दार अर्धे उघडे असते. दाराबाहेरच्या हॉलमध्ये मोठा कूलर चालू असतो, त्याची गार हवा थोडीफार आत जाते.

मिस्त्रींनी दोन्ही हवांमधील फरक पाहून गॅस कमी असल्याचे सांगितले आहे. मागच्या उन्हाळ्यातही गॅस भरला होता. पुन्हा भरावा का? गॅस दरवर्षी संपतो का?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

ताई, तुम्ही मोजमापे दिलीत म्हणून नेमके उत्तर देता येते. मी वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि माझ्या मते सध्या गॅस भरू देऊ नये.

पहिली गोष्ट, एसीतील गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, आतल्या कॉइलमध्ये द्रवाचा वायू होताना खोलीची उष्णता घेतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार हे उघड आहे. गॅस कमी पडला की आतल्या कॉइलचा थोडाच भाग गार होतो, अनेकदा तेवढ्याच भागावर बर्फ धरतो, जोडाच्या नटांपाशी तेलकट डाग दिसतात आणि नळीतून पडणारे पाणी कमी होत जाते. तुमच्याकडे याच्या अगदी उलट स्थिती आहे. तासाला दोन लिटर पाणी काढणारी कॉइल गार नाही असे म्हणता येणार नाही.

आता या पाण्याचाच विचार करू, कारण दुखणे तिथेच आहे असे मला वाटते. परभणीची मे महिन्यातील दुपारची हवा कोरडी असते. बंद खोलीतल्या एसीने अशा हवेतून थोडेच पाणी काढायला हवे. मग दोन लिटर येतात कुठून? कूलरमधून. कूलर हवा गार करतो ते तिच्यात पाण्याची वाफ मिसळून, आणि ती दमट हवा अर्ध्या उघड्या दारातून खोलीत येते. त्या वाफेचे पुन्हा पाणी करण्याचे काम तुमच्या एसीला करावे लागते. एक लिटर पाणी असे निथळवायला सुमारे 2,450 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तासाला दोन लिटर म्हणजे जवळजवळ 1.36 किलोवॅट. दीड टन म्हणजे जेमतेम सव्वापाच किलोवॅट क्षमता, तीही बाहेर 35 अंश असताना मोजलेली. म्हणजे कंपनीने लिहिलेल्या क्षमतेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कूलरचे पाणी परत गोळा करण्यात जातो आहे.

हवेतील फरक 8 अंशच दिसण्याचे कारणही हेच आहे. कॉइलची ताकद पाणी निथळवण्यात जाते, तेव्हा हवेचे तापमान तेवढे खाली येत नाही. कोरड्या खोलीत हा फरक साधारण 10 ते 12 अंशांचा दिसतो. हवेतील दमटपणा लक्षात न घेता केवळ फरक पाहिला की गॅस कमी असल्याचा निष्कर्ष सहज निघतो. भिंतीवरील ओघळाचाही येथेच संबंध आहे, कारण नळीत धूळ किंवा शेवाळ साचले असेल अथवा उतार पुरेसा नसेल, तर एवढे पाणी वाहून न जाता ट्रे भरून सांडते. नळी साफ करून घ्या, मात्र पाण्याचा उगम बंद करणे अधिक महत्त्वाचे आहे.

दोन दिवस दार पूर्ण बंद ठेवून, खालच्या फटीत जाड कापड लावून पाहा. हॉलमधला कूलर चालवायचा असल्यास हॉलची समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा घरात न कोंडता बाहेर जाईल. रात्री आणि पहाटे रुग्णाच्या खोलीत ताजी हवा अवश्य घ्या, कारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवत राहतो. हाक ऐकू येण्यासाठी बिनतारी घंटी मिळते, तिचे बटण सासूबाईंच्या हाताशी ठेवता येईल.

प्रतिसाद, लातूर

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र सकाळी चालणारा एसी दुपारी हरतो, यामागे बाहेरच्या युनिटची जागाही असू शकते, म्हणून ते कुठे बसवले आहे हे कृपया सांगावे. आमच्याकडे उन्हापासून वाचवण्यासाठी युनिटवर पत्रा, तीन बाजूंनी हिरवी जाळी आणि समोर ग्रिल असे छोटे घरच बांधण्याची पद्धत पडली आहे. सावली देणे योग्यच आहे, पण युनिटच्या पंख्याने फेकलेली गरम हवा समोर अडली की तीच मागून पुन्हा आत ओढली जाते. बाहेर 43 अंश असताना त्या कोंडीतली हवा त्याहून कितीतरी अधिक तापते. उष्णता टाकायलाच जागा उरली नाही, तर नळ्यांतील दाब वाढतो आणि इन्व्हर्टर स्वतःच्या संरक्षणासाठी कंप्रेसरचा वेग उतरवतो. थर्मामीटर बाहेरच्या युनिटच्या मागील बाजूस धरून दुपारी चार वाजता मोजा. तो आकडा मोकळ्या सावलीतील तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त आला, तर जाळी आधी काढा.

युनिटवर ओले गोणपाट घालण्याचा किंवा पाणी मारत राहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. बोअरच्या जड पाण्याचे क्षार कॉइलच्या पात्यांवर बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच कॉइल हवा जाऊ देत नाही.

स्लॅबकडेही लक्ष द्यावे. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता काही तासांनी, म्हणजे नेमकी चार ते सातच्या दरम्यान खोलीत सोडतो. आपल्याकडची जुनी माळवदाची घरे पांढऱ्या मातीच्या जाड थरामुळे आत गार राहत असत, आणि सिमेंटच्या उघड्या स्लॅबला तो गुण नाही. उन्हाळ्यापुरता चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग गच्चीवर दिल्यास बराच फरक पडतो, आणि पश्चिमेच्या खिडकीला आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून ताटी किंवा जाड कापड लावणे अधिक उपयोगी ठरते, कारण ऊन काचेच्या आत येण्यापूर्वीच अडते.

प्रतिसाद, जालना

रिमोटही एकदा तपासावा, कारण नव्या एसींमध्ये अनेक सोयी अशा असतात की त्या चुकून चालू राहिल्या तर यंत्र बिघडल्यासारखे वाटते. ‘कन्व्हर्टिबल’ नावाच्या सोयीत एसीची क्षमता 80, 60 किंवा 40 टक्क्यांवर मर्यादित करता येते. थंडीच्या अखेरीस वीज वाचवण्यासाठी ती लावली असेल आणि तशीच राहिली असेल, तर सकाळी पुरणारा एसी दुपारी अपुरा पडणारच. इको बटणाचेही तसेच. काही यंत्रांत तापमान रिमोटमधल्या सेन्सरने मोजण्याची सोय असते. ती चालू असेल आणि रिमोट थेट गार झोताखाली ठेवलेला असेल, तर खोली गार झाली असे समजून कंप्रेसर मंद होतो.

थेंबाचे चिन्ह असलेला ड्राय मोड पावसाळ्यासाठी आहे. त्यात पंखा हळू फिरतो आणि खोली गार करण्यापेक्षा दमटपणा घटवण्यावर भर असतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी कूल मोड आणि पंख्याचा मोठा वेग हेच योग्य. 24 ऐवजी 18 अंश लावल्याने मात्र दुपारी काहीही साधणार नाही. खोली 30 अंशांवर असताना कंप्रेसर आधीच त्याला शक्य तेवढ्या वेगाने चालत असतो.

धागाकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

दार बंद केले, फट बुजवली आणि हॉलची खिडकी उघडी ठेवली. पहिल्या दुपारी फारसा फरक जाणवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच दार बंद होते, तेव्हा बाटलीत तासाला अर्धा लिटरसुद्धा पाणी जमले नाही, भिंतीवरचा ओघळ थांबला आणि दुपारी चार वाजता खोली 27 अंशांवर होती. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतील फरक आता 11 अंश भरतो. कन्व्हर्टिबल बटण 100 वरच होते, त्यामुळे ती शंका मिटली. बाहेरचे युनिट मागच्या गॅलरीत आहे. त्याभोवती हिरवी जाळी होती आणि तिच्या आत मोकळ्या सावलीपेक्षा सहा अंश जास्त तापमान भरले. जाळी काढली आहे, वरचा पत्रा उंच करून घेणार आहोत. सासूबाई काल दुपारी दोन तास शांत झोपल्या, याचे समाधान शब्दांत सांगता येत नाही.

दोन प्रश्न उरले आहेत. सायंकाळी सहा ते आठ या वेळात स्टॅबिलायझरवर येणारे व्होल्टेज 180 पर्यंत उतरते आणि तेवढ्या वेळात खोली पुन्हा 28 अंशांच्या पुढे जाते. तसेच मागच्या वर्षी भरलेला गॅस प्रमाणात आहे की नाही, हे कसे समजावे?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

अर्धा लिटर आणि 11 अंश हे दोन्ही आकडे समाधानकारक आहेत, त्यामुळे गॅस कमी असण्याची शक्यता आता फारच कमी राहते. तो जास्त मात्र असू शकतो. वजन न करता वरून भरलेला गॅस प्रमाणाबाहेर गेला, तर सकाळी काही जाणवत नाही आणि कडक दुपारी बाहेरच्या कॉइलमधील दाब वाढून क्षमता घटते. जाळी काढल्यावरही तीन ते पाच या वेळात खोली 28 अंशांच्या वर जात राहिली, तरच हा तपास करा. इन्व्हर्टर एसीत केवळ दाबमापकावरील काटा पाहून निर्णय देता येत नाही, कारण कंप्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो. खात्रीची रीत अशी की, असलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा, नायट्रोजनच्या दाबाखाली गळती तपासायची, व्हॅक्यूम पंपाने नळ्या निर्वात करायच्या आणि बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिले असतील तितकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. मिस्त्रींकडे वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का, हे त्यांना येण्यापूर्वीच विचारा. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून गॅस आत असताना नळीला ज्योत लावून झाळकाम करू देऊ नका, आणि हे काम चालू असताना सासूबाईंना दुसऱ्या खोलीत हलवा.

व्होल्टेजविषयी सांगायचे तर दीड टनासाठी सहसा 4 केव्हीएचा स्टॅबिलायझर वापरतात. तुमचा किती व्होल्टपासून काम करतो हे त्याच्या पट्टीवर पाहा. 180 व्होल्ट त्याच्या टप्प्यात बसत असतील, तर एसीकडे पुरेसे व्होल्टेज जाते आहे का, हे वायरमनकडून एसी चालू असताना मोजून घ्या. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो तेव्हा मागच्या तारेतून जास्त विद्युतप्रवाह ओढतो, म्हणून मीटरपासून एसीपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार असावी. सायंकाळी एसी तासभर चालल्यावर बंद करून प्लग काढा, आणि त्याच्या पिना गरम लागल्या तर सॉकेट बदलून घ्या. अर्थिंगही याच वेळी तपासून घ्यावे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतत जा. शेजारच्या घरांतही सायंकाळी 180 व्होल्टच येत असतील, तर दोष रोहित्राकडचा आहे. अशा वेळी आठ दिवसांच्या वेळेनुसार नोंदी जोडून, चार घरांच्या सह्यांनिशी वीज कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, आणि घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे हेही त्यात स्पष्ट लिहावे.