मदत हवी आहे : लिमोनचेल्लो आणि स्ट्रॉबेरीचं तिरामिसू, थर टिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस आहे. सगळे नाशिकला जमणार आहोत आणि गोड पदार्थ माझ्याकडे आहे. कॉफीचं तिरामिसू, म्हणजे भिजवलेली बिस्किटं आणि क्रीमचे थर, मी नेहमी करते, ते व्यवस्थित होतं. पण आईला कॉफी चालत नाही आणि लिंबाचं काहीही प्राणापलीकडे आवडतं. त्यात भावाने नेपल्सहून लिमोनचेल्लोची, म्हणजे लिंबाच्या गोड मद्याची, बाटली आणून दिली आहे, बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली आहे. म्हणून या वेळी लिमोनचेल्लो आणि स्ट्रॉबेरीचं तिरामिसू करायचं पक्कं केलं आहे.

अडचण अशी की जितक्या पाककृती वाचल्या तितकी मतं. कुणी लिमोनचेल्लो क्रीममध्ये घालतं, कुणी फक्त बिस्किटं भिजवायला वापरतं. कुणी लिंबाचा रस वाटीभर घालतं. मला भीती पाण्याची वाटते. कॉफीच्या तिरामिसूत ओलावा फक्त बिस्किटांत असतो. इथे मद्य, रस आणि फळ असं तीन बाजूंनी पाणी येणार. काचेच्या भांड्यात थर स्वच्छ दिसायला हवेत आणि वाढताना खाली तळं साचायला नको.

मास्कारपोने, म्हणजे तिरामिसूतलं मऊ क्रीम चीज, आमच्या भागातल्या दुकानात कधी मिळतं, कधी नाही. तेव्हा घरी करायची तयारी आहे, पण इथलं टेट्रापॅकचं क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, त्याचं नीट होतं का? कच्चं अंडं वापरायचं नाही. एक काकू अंडं अजिबात खात नाहीत, दोन लहान मुलं आहेत. शिवाय लिंबू कोणतं घ्यावं, आपलं कागदी की ते मोठं पिवळं? आणि शेवटचं म्हणजे पुणे ते नाशिक गाडीने न्यायचं आहे.

ज्यांनी खरंच करून पाहिलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

मास्कारपोनेच्या मागे कशाला लागता? चक्का घ्या, रात्रभर बांधून ठेवलेला, अगदी कोरडा. त्यात फेटलेलं क्रीम आणि पिठीसाखर. लिंबाच्या चवीबरोबर चक्क्याचा आंबटपणा छान जातो. आमच्याकडे सगळे आवडीने खातात.

प्रतिसाद

मी नोकरीनिमित्त इटलीतल्या वेनेतो भागात राहतो, त्रेविझोपासून फार लांब नाही. इथे तिरामिसू हा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी एक गोष्ट. त्रेविझोतल्या ले बेक्केरिये या रेस्तराँमध्ये १९७२ च्या सुमारास जे तिरामिसू मेनूवर आलं त्यात मद्य नव्हतंच. अंड्याचं पिवळं, साखर, मास्कारपोने, कॉफीत बुडवलेली सावोयार्दी बिस्किटं आणि वर कोको. शेजारच्या फ्रिउलीचे लोक हा मान आपला सांगतात आणि २०१७ मध्ये त्या प्रांताच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत त्याची नोंदही झाली, त्यावरून इथे बरीच वादावादी झाली. लिमोनचेल्लो मात्र पार दक्षिणेचं, सोरेंतो, काप्री आणि अमाल्फी किनाऱ्याचं. म्हणजे तुम्ही करताय तो उत्तर आणि दक्षिण इटलीचा अलीकडचा संसार आहे. पण त्याची पद्धत शिकायची असेल तर तिरामिसूकडे न बघता सोरेंतोच्या देलित्सिया अल लिमोनेकडे बघा. कार्मिने मार्त्सुइल्लो यांनी १९७८ मध्ये तो पदार्थ केला. त्यात लिमोनचेल्लोचा पाक स्पंज केक पितो आणि आतलं क्रीम लिंबाच्या सालीवर सुगंधी होतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे : मद्य बिस्किटांत, साल क्रीममध्ये, रस जवळजवळ कुठेच नाही.

कारण साधं आहे. लिंबाचा वास सालीतल्या तेलात असतो. ते तेल फॅटमध्ये विरघळतं, त्यामुळे मास्कारपोनेमध्ये किसलेली साल घालून तासभर ठेवलीत तरी सगळं क्रीम घमघमतं आणि पाण्याचा थेंबही वाढत नाही. रसाने आंबटपणा येतो, पण वास फारसा येत नाही. म्हणून लोक रस वाढवत जातात आणि क्रीम सैल होतं.

मी भिजवण्यासाठी असं करतो : १५० मिली पाणी आणि ६० ग्रॅम साखर एक उकळी आणून पूर्ण गार करायची, मग त्यात १०० मिली लिमोनचेल्लो आणि दोन चमचे लिंबाचा रस. पाक गरम असताना मद्य ओतू नका, वास उडतो. बिस्किट एका बाजूने बुडवायचं, उलटायचं, बाहेर. आतून किंचित कोरडं राहिलं तर उत्तम, कारण रात्रभरात क्रीम आणि फळाचा ओलावा तेच शोषणार आहे.

अंड्याचं म्हणाल तर त्साबाल्योने करा. चार पिवळे बलक, ८० ग्रॅम साखर, ५० मिली लिमोनचेल्लो एका वाडग्यात घेऊन खाली मंद वाफ ठेवून सतत फेटायचं. वाडग्याचा बूड पाण्याला लागू द्यायचा नाही. थर्मामीटर असेल तर ७२ ते ७५ अंशांपर्यंत न्या. मिश्रण फिकट, दाट होतं आणि चमचा फिरवला की रेघ राहते. पूर्ण गार झाल्यावरच ५०० ग्रॅम मास्कारपोनेमध्ये मिसळा. कोमट असेल तर मास्कारपोने वितळतं आणि मग ते काही केल्या परत घट्ट होत नाही. मिसळताना मशीन नको. हाताने, सपाट चमच्याने खालून वर. मास्कारपोने जास्त फेटलं की रवाळ होतं.

आणि महत्त्वाचं : मद्य शिजवल्याने पूर्ण उडत नाही, आणि इथे तर ते जेमतेम तापतं. मुलांना हे देऊ नका.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात एक भर. ताई, तुमच्या काकू अंडं खात नाहीत म्हणालात, तर नुसतं क्रीम बिनअंड्याचं करून भागणार नाही. सावोयार्दी, म्हणजे दुकानात लेडीफिंगर म्हणून मिळतात ती बिस्किटं, अंड्यावरच फुगवलेली असतात. त्यांच्यासाठी बिनअंड्याच्या स्पंज केकच्या बोटभर रुंद कापट्या करा आणि ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर कडक वाळवा. बेकरीतला केक रस्कही चालतो, पण पाकिटावर अंड्याचं वाचून घ्या आणि वेलचीचा नको. रस्क फार पटकन पाणी पितो, तो बुडवू नका, वरून ब्रशने पाक लावा.

आता मास्कारपोने. २५ टक्क्यांच्या क्रीमचं होतं, मी नेहमी करते. फक्त उतारा कमी पडतो. लिटरभर क्रीममधून साधारण ५०० ते ६०० ग्रॅम मिळतं. डबल बॉयलरवर क्रीम ८५ अंशांपर्यंत तापवायचं, दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून हलक्या हाताने ढवळत पाचेक मिनिटं त्याच उष्णतेवर ठेवायचं. पनीरसारखं फाटत नाही, फक्त चमच्याच्या पाठीवर दाट साय चढते. गार झालं की मलमलच्या दुहेरी कापडातून गाळणीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये. कापड पिळायचं नाही. थर्मामीटर नसेल तर कडेला बारीक बुडबुडे दिसले की समजा झालं, उकळी येऊ देऊ नका.

मात्र काकूंच्या वाट्यात त्साबाल्योनेच्या जागी फेटलेलं क्रीम लागेल आणि त्याला २५ टक्क्यांचं उपयोगाचं नाही, ते फुलतच नाही. ३० टक्क्यांच्या वरचं डेअरी क्रीम शोधा. केकवाल्यांकडचं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम घट्ट उभं राहतं खरं, पण ते वनस्पती तेलाचं आणि आधीच गोड असतं, टाळूला चिकटतं. लिंबाच्या सालीचा सगळा वास त्यात मरतो.

चक्क्याबद्दल माझं मत वेगळं आहे. चव वाईट लागत नाही, पण ते लिंबाचं श्रीखंड होतं. आणि साखर पडली की चक्का पुन्हा पाणी सोडतो. धागाकर्तीला नेमकं तेच टाळायचं आहे.

प्रतिसाद (चक्कावाली)

पाण्याचा मुद्दा मान्य. मी वाटीत करते आणि त्याच दिवशी संपतं, म्हणून मला जाणवलं नसेल. प्रवासाला न्यायचं तर मास्कारपोनेच बरं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बिस्किटांतल्या अंड्याचं माझ्या लक्षात आलंच नसतं. काकू आणि मुलांसाठी वेगळं छोटं भांडं करते, बिनअंड्याचं आणि बिनमद्याचं, नुसत्या लिंबाच्या पाकातलं.

आता स्ट्रॉबेरीचं सांगा. कापून कच्ची घालू की शिजवून? आणि लिंबाची निवड राहिलीच.

प्रतिसाद

आमचं गाव वाईजवळ, घरात स्ट्रॉबेरी भरपूर असते. तुम्ही जानेवारीत करताय ते बरं, तेव्हा फळ घट्ट आणि गोड असतं. मार्चच्या उन्हात आलेलं फळ मऊ पडतं.

पूर्ण कच्ची घालू नका. कापलेल्या फळावर क्रीममधली साखर काम करते आणि सकाळपर्यंत गुलाबी पाणी सुटतं. शिजवून जॅमही करू नका, मग ताजेपणा जातो. मधला मार्ग असा : अर्धा किलो फळ देठासकट धुवा, कोरडं पुसा, मगच देठ काढा. आधी काढले तर फळ आत पाणी ओढतं. जाड काप करून ४० ग्रॅम साखर लावून तासभर चाळणीत ठेवा, खाली वाडगं. जो रस गळेल तो भिजवण्याच्या पाकात घाला आणि तेवढं पाणी कमी करा. उरलेले काप कागदावर टिपून घ्या. असं फळ दुसऱ्या दिवशीही गप्प बसतं.

थर लावताना फळ क्रीमच्या वर नाही, बिस्किटांना लागून ठेवा. बिस्किट, त्यावर काप, मग क्रीम. जे थोडं पाणी सुटेल ते बिस्किटात जिरतं. काचेच्या कडेला दिसायला लावायचे पातळ काप मात्र न साखरलेले घ्या आणि काचेवर घट्ट दाबून चिकटवा, नाहीतर क्रीम मागून पुढे येतं.

प्रतिसाद

हेच हापूस घालून केलं तर? एप्रिलमध्ये करायचा विचार आहे.

प्रतिसाद (वेनेतोवाला)

हापूस आणि लिमोनचेल्लो एकत्र नको असं माझं स्पष्ट मत. दोघांचाही वास मोठा, एकमेकांना गिळतात. हापूससाठी मद्य न घालता, आमरसात किंचित पाणी घालून बिस्किटं भिजवा.

लिंबाबद्दल : लिमोनचेल्लो सोरेंतो आणि अमाल्फीच्या जाड सालीच्या पिवळ्या लिंबांपासून होतं. म्हणून क्रीममध्येही पिवळ्या लिंबाचीच साल किसा, वास जुळतो. आयात लिंबांवर मेणाचा थर असतो, कोमट पाण्यात घासून धुवा आणि पुसा. किसताना फक्त पिवळं, खालचं पांढरं कडू असतं. ५०० ग्रॅम मास्कारपोनेला दोन लिंबांची साल पुरे. रसासाठी कागदी लिंबू खुशाल वापरा, जरा हात आखडता घ्या एवढंच. कागदीची साल मात्र नको, तिचा वास तिखट आणि वेगळ्याच दिशेचा आहे.

प्रतिसाद

ज्यांच्याकडे लिमोनचेल्लो नाही त्यांच्यासाठी : इटलीत ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये साली मुरवतात, ते आपल्याकडे किरकोळीत मिळत नाही. आपली व्होडका ४२.८ टक्क्यांची असते, तिच्यातही जमतं, फक्त पाक कमी घालायचा. अर्धा लिटर व्होडकात सहा पिवळ्या लिंबांची साल महिनाभर अंधारात, मग गाळून त्यात २५० मिली पाणी आणि २५० ग्रॅम साखरेचा गार पाक. शेवटी २३-२४ टक्क्यांच्या आसपास येतं. मिठाईला पुरेसं आहे.

धागाकर्ती

असं ठरवलं आहे : शुक्रवारी रात्री मास्कारपोने बांधून ठेवायचं, शनिवारी दुपारी त्साबाल्योने आणि थर, रात्रभर फ्रिज, रविवारी पहाटे निघायचं. मोठं एकच भांडं नेण्याऐवजी दोन मध्यम काचेची भांडी. आदल्या आठवड्यात करून फ्रीझरला टाकून ठेवलं तर सोपं जाईल का, एवढं कुणी सांगेल?

प्रतिसाद

फ्रीझरला स्ट्रॉबेरी घालून ठेवू नका. गोठलेलं फळ सुटताना सगळं पाणी सोडतं, आणि ज्यासाठी हा धागा काढलात तेच होईल. शनिवारचाच बेत ठेवा, तिरामिसूला रात्रभर थांबणं मानवतंच.

नेताना थर्माकोलच्या खोक्यात तळाला गोठवलेले आइस पॅक, वर टॉवेल, मग भांडं. पॅक काचेला थेट लावू नका, त्या बाजूचं क्रीम गोठून नंतर फुटतं. भांड्याची कड क्रीमपेक्षा दोन बोटं उंच हवी आणि वर झाकण, प्लास्टिकचा कागद नको, तो घाटात खाली बसतो. खोकं गाडीच्या मागच्या सीटच्या पायाशी, सपाट जागी. सीट उतरती असते. वरची सजावट, म्हणजे साल आणि ताजे काप, नाशिकला पोचल्यावर करा. पोचल्यावर दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच कापा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, दर कापाला.

काकूंच्या भांड्यावर चिठ्ठी लावा. दोन्ही सारखीच दिसतील.